मागच्या डिफरन्शियलचे तेल बदलताना

इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारे अनेक जण मागच्या डिफरन्शियलमधील, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीतील, तेलाचा विचार वर्षानुवर्षे करत नाहीत. वास्तविक तेथील गिअरचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात, आणि त्यांच्यामधला तेलाचा पातळ थर टिकला तरच ते शाबूत राहतात.

तेलाची निवड गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच करावी. बहुतेक ठिकाणी जीएल-५ दर्जाचे (जास्त दाब सोसणारे) ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० दाटपणाचे गिअर ऑइल सांगितलेले असते. मात्र डिफरन्शियल लिमिटेड स्लिप प्रकारचे (एकच चाक जागेवर फिरत राहू न देणारे) असल्यास त्यासाठीचे खास तेल किंवा तेलात मिसळायचे वेगळे अ‍ॅडिटिव्ह लागते, अन्यथा वळणावर मागून थरथर जाणवू लागते.

थोडे अंतर गाडी चालवून आणल्यास तेल पातळ होऊन लवकर निथळते. त्यानंतर गाडी सपाट जागेवर चारही बाजूंनी सारखी उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: आधी वरचा, म्हणजे तेल भरण्याचा प्लग उघडावा आणि तो निघाल्याची खात्री झाल्यावरच खालच्या ड्रेन प्लगला पाना लावावा. हा क्रम उलटला आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर तेल वाहून गेलेली गाडी जागेवरच अडकून पडते, कारण नवे तेल भरायला वाटच उरत नाही. प्लगभोवतीची माती आधी तारेच्या ब्रशने झाडावी, म्हणजे ती आत पडणार नाही. काही गाड्यांना ड्रेन प्लगच नसतो. तेथे मागचे झाकण उघडावे लागते किंवा तेल पंपाने ओढून घ्यावे लागते.

निघालेले तेल नीट पाहावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असणे स्वाभाविक आहे, परंतु बोटाला टोचणारे तुकडे सापडल्यास गिअर किंवा बेअरिंग खराब होत असल्याचे समजावे. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही, ब्रीदर (आतील हवा बाहेर सोडणारी नळी) आणि ऑइल सीलही (तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्या) तपासावे लागतात.

चुंबक पुसून, नवा वॉशर घालून ड्रेन प्लग पुस्तिकेतील टॉर्कप्रमाणे, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराने, आवळावा. जोर जास्त झाला तर हाउसिंगचे आटे जातात आणि ती दुरुस्ती तेलापेक्षा कितीतरी महाग पडते. हातपंपाने नवे तेल भरत राहावे. पुस्तिकेत वेगळी पातळी दिलेली नसेल, तर ते वरच्या छिद्राच्या खालच्या काठाशी येऊन बाहेर ओघळू लागले की थांबावे आणि तो प्लगही बसवावा. एक फेरी मारून आल्यावर दोन्ही प्लगभोवती ओल दिसते का, ते पाहावे. जुने तेल मात्र गटारात किंवा जमिनीवर न ओतता बंद डब्यात भरून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे.