‘पॉल मेला’चे क्लू घरी कसे तपासायचे

दावा असा: बीटल्स या ब्रिटिश बँडचा पॉल मॅकार्टनी नोव्हेंबर 1966 मध्ये मोटार अपघातात गेला, बाकीच्या तिघांनी त्याच्या जागी हुबेहूब दिसणारा माणूस आणला आणि मग न राहवून गाण्यांत नि कव्हरांवर खुणा सोडल्या. या खुणांचा ढीग मोठा आहे, म्हणून सरसकट ऐकत-बघत बसू नका. वहीत चार रकाने आखा: क्लू, तो ज्यात सापडतो त्याची तारीख, तो आधी कोणी मांडला, आणि साधा खुलासा. तारखेचा रकाना भरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तारीख किती काम करते बघा. ‘तोतया’च्या ओठावर व्रण आहे म्हणतात. आहेच. पण डिसेंबर 1965 मध्ये लिव्हरपूलला मोपेडवरून पडून पॉलचा ओठ फाटला होता आणि दाताचा टवका उडाला होता. मे 1966 मध्ये चित्रित केलेल्या ‘रेन’ या गाण्याच्या फिल्ममध्ये तो दात दिसतो. म्हणजे व्रण कथित मृत्यूच्या आधीचा. ‘अ‍ॅबी रोड’च्या कव्हरवरच्या फोक्सवॅगनची पाटी ‘एलएमडब्ल्यू 281एफ’. चाहते ती ‘28 इफ’ अशी वाचतात: पॉल असता तर 28 वर्षांचा असता. त्याचा जन्म 18 जून 1942 चा, अल्बम आला 26 सप्टेंबर 1969 ला, 27 पूर्ण. अठ्ठाविसावं लागलं होतं, असं आपण म्हणू, पण इंग्लंडमध्ये वय पूर्ण वर्षांत सांगतात. शिवाय मधला आकडा एक आहे, ‘आय’ अक्षर नव्हे, आणि शेवटचं ‘एफ’ हे ऑगस्ट 1967 ते जुलै 1968 या नोंदणीवर्षाचं चिन्ह आहे.

याच कव्हरवर पॉल एकटाच अनवाणी चालतोय, आणि चाहते तीही मेल्याची खूण मानतात. हे कोडंही तारखेनेच सुटतं. 8 ऑगस्ट 1969 ला फोटोग्राफर इयन मॅकमिलन यांनी रस्ता ओलांडतानाचे सहा फोटो काढले. सुरुवातीच्या फोटोंत पॉलच्या पायात सँडल आहेत. कव्हरला लागला तो नंतरचा.

उलटं वाजवण्याच्या क्लूंना जरा वेळ द्या. ‘रेव्होल्यूशन 9’ मधलं ‘नंबर नाइन’ उलटं केलं की ‘टर्न मी ऑन, डेड मॅन’ ऐकू येतं म्हणतात. सीडीवरून थेट वेव्ह फाइल काढा. नेटवर आधीच उलटे करून ठेवलेले तुकडे नकोत, त्यांचा वेग आणि आवाजाचा पोत बदललेला असतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन सेकंदांचा तुकडा कापा, ‘इफेक्ट’ मेन्यूतून ‘रिव्हर्स’ लावा आणि फाइलला ‘क1’ असं निरर्थक नाव द्या. ‘डेडमॅन’ नाव दिलंत तर स्क्रीनकडे नजर जाताच चाचणी बाद. ज्यांना ही गोष्ट माहीत नाही असे सहा जण घ्या, प्रत्येकाला एकटं बसवून हेडफोनवर तीनदा ऐकवा. काय ऐकू आलं ते लिहून घ्या. भाषा कोणती तेही सांगू नका. मग तिघांना चाहत्यांचं वाक्य वाचायला द्या, तिघांना तुम्ही रचलेलं तेवढ्याच लांबीचं दुसरं, आणि पुन्हा ऐकवा. दोन्ही गटांना आपापलं वाक्य ‘स्पष्ट’ ऐकू येऊ लागलं, तर क्लू गाण्यात नाही, कागदावर आहे. जोडीला मराठी बातम्यांचा एक तुकडा उलटा करून हाच प्रयोग करा. तिथेही कोणीतरी मेलेलं सापडेल.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या शेवटी सुलट वाजवूनच ‘आय बरीड पॉल’ (मी पॉलला पुरलं) ऐकू येतं म्हणतात. बीटल्समधल्याच जॉन लेननने ते ‘क्रॅनबेरी सॉस’ असल्याचं सांगितलं होतं. नुसतं त्याच्या शब्दावर जाऊ नका. 1996 च्या ‘अँथॉलॉजी 2’ या बीटल्सच्याच संग्रहात त्या गाण्याचं दुसरं ध्वनिमुद्रण (टेक) आहे, ते शेजारी लावून ऐका.

आवाज जुळवताना हमखास फसायला होतं. ‘व्हेन आय अ‍ॅम सिक्स्टी-फोर’ डिसेंबर 1966 मध्ये ध्वनिमुद्रित झालं, म्हणजे कथित मृत्यूनंतर लगेच, आणि त्यात आवाज पोरगेला लागतो. कारण टेप मुद्दाम जलद चालवून गाणं अर्ध्या सुराने चढवलंय. वेग बदलणाऱ्या इफेक्टने उणे 5.6 टक्के करा, ओळखीचा पॉल परत येतो. ‘चेंज पिच’ वापरू नका: तो लय तशीच ठेवून फक्त पट्टी बदलतो.

फोटोंवर पट्टी ठेवून चेहरे मोजणं जवळजवळ निरुपयोगी. मान 15 अंश वळली तरी रुंदी साडेतीन टक्क्यांनी घटते, आणि कॅमेरा जवळ असला की नाक मोठं दिसतं. ‘सार्जंट पेपर’ अल्बमच्या फोटोतला ‘ओपीडी’ बिल्ला (म्हणे ‘अधिकृतरीत्या मृत घोषित’) प्रत्यक्षात कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या पोलिसांचा ‘ओपीपी’ आहे. कापडाच्या घडीत अक्षर मोडलंय.

उरला तिसरा रकाना: क्लू आधी कोणी मांडला. 17 सप्टेंबर 1969 ला अमेरिकेत आयोवाच्या ड्रेक विद्यापीठातल्या विद्यार्थी-पत्रात पॉल मेल्याच्या अफवेवर लेख आला, 12 ऑक्टोबरला डेट्रॉइटच्या रेडिओवर निवेदक रस गिब यांना एका श्रोत्याने फोन केला, आणि 14 तारखेला ‘मिशिगन डेली’ या विद्यार्थी-दैनिकात फ्रेड लाबूरने ‘अ‍ॅबी रोड’च्या परीक्षणाच्या नावाखाली बरेच क्लू चक्क रचले. तोतयाचं ‘विल्यम कॅम्पबेल’ हे नावही त्याचंच. पुढे टीव्हीवरच्या लुटुपुटीच्या खटल्यासाठी वकील एफ. ली बेली यांनी बोलावलं, तेव्हा आपण हे बनवल्याचं त्याने त्यांना सांगून टाकलं. तेव्हा तुमचा क्लू 14 ऑक्टोबरच्या आधी कुठे छापलेला सापडतो का, ते बघा.

अ‍ॅव्हरिल लव्हीन या कॅनडियन गायिकेच्या जागी ‘मेलिसा’ नावाची तोतया आल्याचा दावा तपासायचा असेल तर क्रम उलटा करा, तिसरा रकाना आधी. तो 2011 च्या एका ब्राझिली ब्लॉगवरून पसरला, आणि कटाच्या गोष्टी खऱ्या कशा वाटू शकतात हे दाखवायला हा ब्लॉग काढलाय, असं त्यावरच लिहिलेलं आहे.