शेरी कास्क सिंगल माल्ट: या चुका टाळा

परदेशातून आलेल्या भाच्याने ग्लेनफार्क्लास या स्कॉटिश सिंगल माल्टची बाटली आणलेली असते. बर्फ येतो, सोडा येतो, मसाला शेंगदाणे येतात आणि तासाभराने कुणीतरी म्हणतं, "एवढ्या पैशांत काही खास नाही रे." खास होतं. ते सोड्यात गेलं.

थंडीने वास दबतो, आणि शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीची अर्धी मजा वासातच असते: मनुका, सुकं अंजीर, अक्रोड, संत्र्याची साल, थोडं जायफळ. वर लाकडाचा तुरटपणा गारठ्यात आणखी टोचतो. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या, बर्फाऐवजी साधं पाणी घ्या आणि शेंगदाणे नंतर खा.

पाणी किती, हा प्रश्न 'ग्लेनफार्क्लास १०५' उघडल्यावर हमखास पडतो. १०५ हे वय नाही, टक्केही नाहीत. जुन्या ब्रिटिश प्रूफ मापातला तो आकडा आहे, म्हणजे ६० टक्के अल्कोहोल. पहिल्याच घोटाला घसा जळला तर बाटली खराब नाही. ३० मिलीत दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली पाणी घातलं की ती ४५ टक्क्यांवर येते. एकेक चमचा घालत हुंगत जा, कुठे थांबायचं ते नाकच सांगेल.

सगळ्यात मोठी चूक रंगाची. गडद म्हणजे जुनी, गडद म्हणजे शेरीची, असं समजून लोक पैसे मोजतात. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला कायद्याने मुभा आहे. ग्लेनफार्क्लास तो घालत नाही, पण सगळेच तसे नाहीत. उलट, दोन-तीनदा वापरून झालेल्या शेरी पिंपातली अस्सल व्हिस्की फिकट सोनेरी निघू शकते. रंगापेक्षा लेबलावरचा शब्द वाचा. 'मॅच्युअर्ड' (त्या पिंपात मुरलेली) आणि 'फिनिश' यांत फार अंतर आहे. फिनिश म्हणजे आयुष्य बहुधा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात गेलं आणि शेवटचा थोडा काळ शेरीच्या पिंपात.

आणि शेरी कास्क म्हणजे आत शेरी मिसळलेली, असंही नाही. स्कॉचमध्ये पाणी आणि तो रंग सोडून काहीही घालता येत नाही. पूर्वी शेरी स्पेनहून पिंपांतून ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं डिस्टिलऱ्यांना मिळायची. १९८०च्या दशकात ती वाटच बंद झाली, कारण शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली. आता नव्या पिंपात वर्ष-दोन वर्षं शेरी मुरवून ती खास व्हिस्कीसाठी तयार करतात. यात बहुधा ओलोरोसो या प्रकारची शेरी असते, आणि ती मुळात गोड नाही, कोरडी. त्यामुळे "शेरी आहे तरी गोड का नाही?" ही तक्रार गैरलागू.

मात्र सगळं पिंपच करतं असंही नाही. स्कॉटलंडमधल्या स्पेसाइडच्या बॅलिंडॅलॉकला, बेन रिनेस डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ग्लेनफार्क्लास डिस्टिलरीला १८३६ मध्ये परवाना मिळाला. १८६५ मध्ये जॉन ग्रांट यांनी ती घेतली आणि ती अजून त्याच घराण्याकडे आहे. तांब्याच्या भट्ट्यांखाली तिथे थेट गॅसची आच असते. १९८१ मध्ये त्यांनी वाफेवर तापवून पाहिलं, पण दारूचं अंग हलकं झालं, म्हणून थोड्याच आठवड्यांत परत आचेवर आले. आमटीला चुलीवर येणारी चव आठवा. ओलोरोसोचं लाकूड पेलायला दारू अशीच भक्कम लागते. हलकी असली की फक्त लाकूडच चाखायला मिळतं.

वयाच्या आकड्यालाही भुलू नका. तो बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. गोव्याच्या पॉल जॉन डिस्टिलरीचीही ओलोरोसो पिंपातली व्हिस्की मिळते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. गोव्यातली पाच-सहा वर्षं आणि स्कॉटलंडमधली बारा अशी सरळ तुलना करू नये.

आता किरकोळ दुरुस्त्या. विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला तर तो गंधकाचा. रिकामी पिंपं टिकवायला त्यांत गंधक जाळतात, त्याचा हा अवशेष. ग्लास वीस मिनिटं उघडा ठेवा. गेला तर गेला, नाही तर तो त्या पिंपाचाच गुण. पाणी घातल्यावर व्हिस्की धुरकट झाली तरी घाबरू नका. थंड करून गाळलेली नसली की असं होतं.

बाटली मात्र वाइनसारखी आडवी ठेवू नका. मी ठेवली होती. कडक अल्कोहोलने बूच भुसभुशीत झालं आणि उघडताना अर्धं आत पडलं. चहाच्या बारीक गाळणीतून दोनदा गाळून धुतलेल्या कोरड्या बाटलीत भरली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.