न्यूरोमॉर्फिक संशोधनात उतरताय? आधी मिलिसेकंद मोजायला शिका

न्यूरोमॉर्फिक म्हणजे मेंदूच्या धर्तीवर चालणारे संगणक. मेंदू 20 वॉटवर चालतो, हे वाक्य या क्षेत्रात इतक्या ठिकाणी सापडतं की ते वाचूनच पोरं विषय ठरवतात. तसं करू नका. डवरणीचा रोबोट घ्या. त्याच्या मोटरीच शेकडो वॉट खातात, तिथे संगणकाचे 10 वॉट वाचवून कास्तकाराच्या पदरात काय पडणार? वीज वाचते ती जिथे यंत्र बहुतेक वेळ नुसतं वाट बघत बसतं तिथे. धुऱ्यावर उभं राहून रात्रभर रोही आणि रानडुकरांवर स्वतःच नजर ठेवणारं यंत्र हा म्हणून चांगला विषय आहे. 7 वॉटचा जीपीयू बोर्ड (कॅमेऱ्याची चित्रं तपासणारा छोटा संगणक) 12 तास चालला की 84 वॉट-तास लागतात. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची छोटी बॅटरी कागदावर बरोबर तेवढीच भरते. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे मध्यरात्रीच यंत्र बंद, आणि डुकरं त्यानंतर येतात.

अशा कामाला इव्हेंट कॅमेरा वापरतात. हा पूर्ण चित्र काढतच नाही. ज्या पिक्सेलवरचा उजेड बदलला तेवढाच पिक्सेल चार गोष्टी कळवतो: आडवी जागा, उभी जागा, मायक्रोसेकंदातली वेळ, आणि उजेड वाढला की घटला. ही झाली एक घटना. शांत रात्री डेटा नगण्य असतो. वारा सुटला की मात्र कपाशीचं प्रत्येक पान बोलायला लागतं. सेकंदाला 10 लाख घटना, प्रत्येकीला 8 बाइट धरले तर मिनिटाला 480 एमबी. तालुक्याच्या इंटरनेटवर हे कोणी कोणाला पाठवणार? म्हणून घटना गाळण्याचं काम वावरातच झालं पाहिजे. शेजारच्या पिक्सेलने मागच्या 10 मिलिसेकंदांत दुजोरा दिला नसेल तर ती घटना फेकून द्यायची, ही सगळ्यात साधी गाळणी. वाऱ्याने हलणारी पानं मात्र त्यातून सुटतात, कारण ती शेजाऱ्यांसकट हलतात. तो भेद न्यूरॉनच्या जाळ्यालाच शिकवावा लागतो.

संशोधनाचे चांगले इव्हेंट कॅमेरे लाखांच्या घरात जातात. सुरुवातीला मोबाइलवर सेकंदाला 60 फ्रेमचा व्हिडिओ काढा आणि व्ही-टू-ई या मोफत साधनाने त्याच्या घटना बनवा. व्हिडिओ दिवसाचाच घ्या. रात्रीच्या व्हिडिओतले दाणे खोट्या घटना होऊन बसतात. खरा कॅमेरा हाती आला की पहिलं काम म्हणजे लेन्सला झाकण लावून एक मिनिट रेकॉर्डिंग. काळोखातही बडबडणारे पिक्सेल टिपून बाद करा. ही यादी सकाळी एकदा आणि मेच्या दुपारी एकदा काढा, कारण तापमान वाढलं की बडबडे पिक्सेल वाढतात. लॅबमध्ये चाचणी करताना स्वस्त दिव्यांपासून सावध. 50 हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेरा प्रत्येक लुकलुक नोंदवतो. आणि रात्री इन्फ्रारेड दिवा लागणारच. तो सतत चालू ठेवला तर वाचवलेली वीज त्यातच गेली. आधी अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या स्वस्त पीआयआर सेन्सरने हालचाल पकडा, मगच दिवा लावा.

आता न्यूरॉन. स्पायकिंग न्यूरॉन ही गळकी घागर समजा. पाणी येतं, थोडं थोडं गळतं, काठापर्यंत आलं की एक स्पाइक, म्हणजे क्षणभराचा ठोका, आणि घागर रिकामी. दर पायरीला, म्हणजे प्रोग्रामच्या वेळेच्या एका टप्प्याला, गळून किती पाणी उरतं, हे बीटा हा आकडा सांगतो. स्मृतिकाळ 20 मिलिसेकंद आणि पायरी 1 मिलिसेकंदाची असेल तर बीटा 0.951 येतो. नवीन लोक प्रोग्राम लवकर संपावा म्हणून पायरी 5 मिलिसेकंद करतात आणि बीटा तसाच ठेवतात. तो 0.779 व्हायला हवा. नाही केला तर न्यूरॉनची स्मृती 20 वरून 100 मिलिसेकंदांवर जाते, धावणारं डुक्कर आणि हलणारी फांदी एकात मिसळतात, आणि दोष डेटाला दिला जातो. आधी एकच न्यूरॉन ब्रायन-टू या न्यूरॉन चालवून बघण्याच्या साधनात चालवा. त्याचा आलेख हाताने काढलेल्या आकड्यांशी जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर एसएनएन-टॉर्च हे स्पायकिंग जाळी शिकवण्याचं साधन घेऊन एन-एमनिस्ट या घटनांत नोंदवलेल्या 34 गुणिले 34 पिक्सेलच्या हस्तलिखित अंकांवर सराव करा.

अचूकता वाढतच नसेल तर आधी प्रत्येक थराचा स्पाइक-दर छापून बघा. निम्म्या वेळा हेच कारण निघतं. दर शून्य असेल तर न्यूरॉन मेलेले आहेत. उंबरठा, म्हणजे घागरीचा काठ, 1 वरून 0.5 वर आणा. सरोगेट ग्रेडियंटचा (शिकवताना स्पाइकच्या उडीऐवजी धरलेल्या गुळगुळीत वक्राचा) उतार 25 असेल तर 10 करून बघा. याउलट निम्मे न्यूरॉन दर पायरीला पेटत असतील तर अचूकता मिळेल, पण विजेचा मुद्दा संपला. 45 नॅनोमीटरच्या चिपवर 32 बिटांचा एक गुणाकार-बेरीज साधारण 4.6 पिकोज्यूल घेतो, नुसती बेरीज 0.9. साधं जाळं दोन न्यूरॉनमधल्या प्रत्येक जोडावर गुणाकार-बेरीज करतं, स्पायकिंग जाळं दर स्पाइकला नुसती बेरीज. म्हणून एका निर्णयामागे प्रत्येक जोडावर सरासरी पाचापेक्षा जास्त स्पाइक आले की साधं जाळंच स्वस्त पडतं. त्यातही मेमरीतून आकडे आणण्याचा खर्च धरलेला नाही, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

गूगलच्या कोलॅबची (दुरून वापरायच्या संगणकाची) मोफत जोडणी मध्येच तुटते, आणि लाइन गेली की राउटरही जातो. दर फेरीनंतर मॉडेल ड्राइव्हवर जतन करा.

एकत्र कामातले बहुतेक घोळ विज्ञानाचे नसतात. एका विद्यापीठाचा गट वेळ मायक्रोसेकंदात लिहितो, दुसरा मिलिसेकंदात वाचतो. एकाकडे उजेड घटला तर शून्य, दुसऱ्याकडे उणे एक. उभी बाजू आधी की आडवी, यावर तर आठवडा जातो, कारण चित्र आडवं झालं तरी प्रोग्राम चूक झाल्याचा संदेश देत नाही. म्हणून पहिल्या बैठकीतच एका पानाचा डेटा-करार करा: एककं, चिन्हं, अक्षांचा क्रम, लेबल कोण लावणार, लेखात नावं कोणत्या क्रमाने येणार. शेवटचा मुद्दा मैत्रीखातर पुढे ढकलू नका. पिकाची उंची आणि हंगाम समजणारी माणसं संगणक विभागात नसतात. त्यासाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांचं दार पेरणीच्या आधी ठोठवा. सप्टेंबरात गेलात तर एक हंगाम गेला.

डेटा वाटताना एकाच वावरातल्या फिती शिकवणीत आणि परीक्षेत मिसळू नका. मॉडेल प्राणी ओळखायचं सोडून मागचं बाभळीचं झाड ओळखतं. शिकवणीला काही गावं, परीक्षेला वेगळीच.

हे सगळं जमलं की आता न्यूरोमॉर्फिक चिप मागा. इंटेलची लोइही 2 इंटेलच्या संशोधक समूहामार्फत, संस्थेच्या प्रस्तावावर मिळते. मँचेस्टरची स्पिनेकर युरोपच्या ईब्रेन्स मंचावरून दुरून वापरता येते. लोइहीवर जोडांचे भार 8 बिटांचे पूर्णांक असतात, त्यामुळे दशांशात शिकवलेलं मॉडेल तिथे घसरतं. शिकवतानाच 8 बिटांची सवय लावा.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्या आपापल्या गटाप्रमाणे बघा.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना 'मला मेंदूची आवड आहे' ही ओळ गाळा. धुऱ्यावरच्या 10 सेकंदांच्या घटनांचा एक आलेख, प्रत्येक थराचा स्पाइक-दर आणि कुठे अडलं ते तीन ओळींत जोडा.