नोडचा क्रम स्वतः लावायचा असेल तर

मागच्या वेळी साठेक नोडच्या (रेषांनी जोडलेल्या चौकटींच्या) आकृतीत मी प्रत्येक थर, म्हणजे नोडची एकेक रांग, प्राधान्याच्या आकड्यानुसार लावून घेतला आणि चित्र सगळ्यांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी तोच डेटा पुन्हा चालवला, तर तिसऱ्या थरातल्या दोन नोडनी जागा बदलल्या होत्या. बैठकीचा अर्धा वेळ ‘इथे काय बदललं?’ यातच गेला. बदललं काहीच नव्हतं. दोघांचं प्राधान्य 3 होतं, आणि बरोबरी झाली तर आधी कोण, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

तेव्हा आधी ठरवा, क्रम कशाचा हवाय: थरांचा, एका थरातल्या नोडचा, की एका नोडमधून निघणाऱ्या एजचा, म्हणजे जोडरेषांचा? तिन्हींच्या सेटिंग वेगळ्या असतात. ग्राफव्हिझ या आकृत्या आखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डॉट प्रोग्रॅममध्ये ‘ऑर्डरिंग’ला ‘आउट’ दिलं, की नोडमधून निघणाऱ्या एज फाइलमध्ये लिहिलेल्या क्रमानेच डावीकडून उजवीकडे येतात. म्हणजे सॉर्ट (क्रम लावणं) फाइल लिहिण्याआधीच करायचं.

आकडे आकडेच आहेत ना, बघा. मजकूर म्हणून आले तर 10 हा 2 च्या आधी बसतो.

आता बरोबरी. प्राधान्य सारखं असेल तर नाव, नावही सारखं असेल तर आयडी, म्हणजे प्रत्येक नोडची वेगळी ओळख. आयडीपर्यंत जाच, कारण तिथेच बरोबरी नक्की फुटते. सॉर्ट स्थिर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्थिर सॉर्ट बरोबरीच्या नोडचा आलेला क्रम राखतं, आणि डेटाबेसकडे क्रम मागितला नसेल तर ओळी उद्या वेगळ्या क्रमाने येऊ शकतात. प्राधान्य रिकामं असलेल्या नोडना ‘कुणाशीही बरोबर’ असं तर अजिबात ठरवू नका. 1 आणि रिकामं बरोबर, रिकामं आणि 5 बरोबर, पण 1 मात्र 5 च्या आधी: असल्या कंपॅरेटरवर (दोघांत आधी कोण हे सांगणाऱ्या कोडवर) कोणतंच सॉर्ट नीट चालत नाही. जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा तर 7 व्या आवृत्तीपासून कधीकधी सरळ एरर देऊन थांबते. रिकामे सगळे शेवटी टाका, आणि त्यांच्यातही आयडीने क्रम लावा. हो, त्यांच्यातही.

सक्ती गरजेपुरतीच करा. नोड थरांत मांडणाऱ्या 1981 च्या सुगियामा पद्धतीवर चालणारे लेआउट एजचे छेद कमी करण्यासाठीच थरातले नोड हलवत असतात. तुम्ही क्रम बांधून टाकलात की छेद बहुधा वाढतात. एका थराला क्रम हवा असेल तर एकच थर बांधा.

रंग, लेबलं नंतर. पाठवण्याआधी इनपुटच्या ओळी मुद्दाम उलटसुलट करून दोनदा चालवा आणि बांधलेल्या थराचा क्रम ताडून बघा. एक नोड जरी हलला, तर समजा, कुठेतरी आयडीने बरोबरी फोडायची राहिलीय.