ईएलसीबी सारखा पडतोय? न्यूट्रलवरही संशय घ्या

गेल्या आषाढात शुक्रवार पेठेतल्या एका घरातून सकाळी साडेसहाला फोन आला. "दादा, परत पडला बघा. सगळ्यांच्या अंघोळी खोळंबल्यात." महिनाभरात त्यांनी गिझरची कॉइल बदलली होती, मग थर्मोस्टॅट, शेवटी नवा गिझरच आणला. तरी गिझर लावला की दोन मिनिटांत ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, खाली. आदल्या दिवशी कुणीतरी सल्ला दिला होता की ईएलसीबी वगळून दोन वायरी सरळ जोडून टाका, कटकट संपेल. घरात दोन लहान पोरं आणि न्हाणीची फरशी कायम ओली. मी म्हटलं, "काकू, मी येईपर्यंत कुणाला डीबीला, त्या स्विचच्या पेटीला, हात लावू देऊ नका."

२२ वर्षं कोल्हापुरात वायरिंगची कामं करतोय. पाऊस लागला की माझे निम्मे फोन याच तक्रारीचे असतात. यातला बराच शोध घरातल्या माणसाला स्वतः घेता येतो, म्हणून लिहितोय.

आपण सगळे ईएलसीबी म्हणतो, पण हल्ली घरात बसतो तो आरसीसीबी. त्याचं काम एकच. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो बघत बसतो. मध्ये कुठं ओल्या भिंतीतून, अर्थिंगच्या वायरीतून किंवा माणसाच्या अंगातून थोडा जरी निसटला की तो पडतो. घरातला ३० मिलीअँपिअरचा असतो. म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम ७ वॅटचा दिवा लागेल एवढा करंट. १५ च्या पुढं तो कधीही पडू शकतो, ३० ला पडलाच पाहिजे. तो बायपास केला की लीकेज तिथंच राहतं, फक्त सांगणारा जातो.

आधी नेमकं काय पडलंय ते बघा. टेस्टचं छोटं बटण असतं तो आरसीसीबी. शेजारी ओळीनं असतात ते एकेका लाइनचे एमसीबी. एमसीबी पडला असेल तर लोड जास्त झालाय किंवा शॉर्ट आहे, ती गोष्ट वेगळी. आरसीसीबी पडला असेल तर लीकेज शोधायचं.

हात कोरडे करा, पायात रबरी चप्पल घाला. सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. टिकला, तर एकेक एमसीबी वर करत जा, प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. ज्याच्यावर पडला ती लाइन कागदावर लिहून ठेवा. मग त्या लाइनवरचे सगळे प्लग बाहेर काढा. बटण बंद केलंय म्हणून सोडू नका. बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थिंग प्लगमधून जोडलेलेच राहतात. फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळं सुटं करा. आता टिकला तर एकेक प्लग लावून बघा. ज्याला पडला ते उपकरण दुरुस्तीला द्या, तोवर वापरू नका. गिझर आणि इस्त्री यात पुढं असतात, कारण कॉइलच्या आतली पावडर ओल धरते आणि करंट बाहेरच्या धातूला लागतो.

दोन-तीनदा वर करून राहत नसेल तर जबरदस्तीनं वर करत बसू नका. नळाला हात लावल्यावर चुणचुण लागली किंवा जळका वास आला तर शोध बंद, मेन स्विच खाली आणि वायरमनला बोलवा.

आता शुक्रवार पेठेतल्या घराकडं येतो. मी गिझरचा प्लग काढला आणि बाहेरच्या खोलीत माझी स्वतःची, तपासलेली इस्त्री लावली. आरसीसीबी पडला. म्हणजे नवा गिझर निर्दोष होता, कुठलाही मोठा लोड आला की तो पडत होता. न्यूट्रल कुठंतरी अर्थिंगला टेकला की असंच होतं. लोड नसताना न्यूट्रलमधून फारसं काही जात नाही, त्यामुळं रात्रभर शांतता. सकाळी गिझर लागला की परतीच्या करंटातला थोडा अर्थिंगच्या वाटेनं निघतो. एमसीबी फक्त फेज तोडत असल्यानं सगळे खाली केले तरी हा दोष जोडलेलाच राहतो.

मेन बंद करून सगळे प्लग काढले, न्यूट्रल लिंकमधून, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथं जोडलेले असतात त्या पट्टीतून, एकेक काळी वायर सोडवली आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं, प्रत्येक वायर अर्थिंगशी तपासली. किमान १ मेगाओहम तरी दाखवायला पाहिजे. एका वायरीनं शून्य दाखवलं. ती वॉशिंग मशीनच्या बोर्डाची निघाली. पत्र्याच्या बॉक्सच्या कानात बसणाऱ्या स्क्रूखाली काळी वायर चेपली होती, इन्सुलेशन फाटून तांबं लखलखत होतं आणि स्क्रूच्या आट्यांचे ठसे त्यावर उमटले होते. काकूंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अरे, महिन्यापूर्वी टाइल्स बसवताना हा बोर्ड काढून परत लावलाय की!" तक्रारही बरोबर तेव्हाचीच. वीतभर वायर होती ती, पण त्यापायी नवा गिझर आला. म्हणून तक्रार सुरू होण्याआधी घरात काय काम झालं, कुठं खिळा ठोकला, हे आधी आठवा आणि वायरमनला सांगा. मेगरचं आणि लिंक सोडवायचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

इन्व्हर्टर बसवल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय का, हे आधी तपासायला सांगा.

पावसात पहिली नजर बाहेरच्या दिव्यांवर, गच्चीवरच्या जॉइंटवर आणि पश्चिमेच्या भिंतीतल्या बोर्डांवर टाका. पेठांतल्या जुन्या मातीच्या भिंती ओल धरून ठेवतात, ऊन पडलं की तक्रार आपोआप थांबते आणि लोक विसरतात. ती लाइन उन्हाळ्यात बदलून घ्या. नदीकाठी राहणाऱ्यांनी पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं की तळमजल्यावरचे प्लग वर काढून ठेवावेत, पाणी दारात यायच्या आत मेन बंद करावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर मी उघडलेल्या बॉक्समध्ये चिकट गाळ बसला होता, भिंतीतल्या पाइपातून कित्येक दिवस पाणी ठिबकत होतं. अशा घरात मेगर केल्याशिवाय मेन चालू करू नका, वरून कितीही वाळल्यासारखं दिसलं तरी.

आणि महिन्यातून एकदा, लाईट असताना, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. खटकन पडला पाहिजे. नाही पडला, तर त्याच दिवशी बदलून घ्या.