नवीन ऑफिस टाकलं आणि पीसी स्लो झाला? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून मला ओळखीतल्या लोकांचा एकच फोन येतो, "नवीन ऑफिस टाकून घेतलं आणि मशीन पार मेलंय रे." मी इंजिनिअर वगैरे नाही, एका टॅक्स कन्सल्टंटकडे अकाउंट्स बघतो, पण याला कॉम्प्युटरमधलं कळतं असा शिक्का एकदा बसला की मग सुटका नाही.

आधी काय करायचं नाही ते सांगतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून वीस वेळा रिफ्रेश मारायचं नाही, त्याने फक्त आयकॉन परत काढले जातात, मशीन तसूभर फास्ट होत नाही. व्हिडिओत सांगतात तसं प्रीफेच फोल्डर उडवायचं नाही, विंडोज ते प्रोग्रॅम लवकर उघडायलाच वापरतं, उडवलंत की परत पहिल्यापासून बनवत बसतं आणि तोवर आणखी स्लो. बूस्टर, क्लीनर, रजिस्ट्री साफ करणारं काहीही टाकायचं नाही. आजारी माणसाच्या डोक्यावर अजून एक पोतं कशाला?

पहिलं काम रीस्टार्ट. शट डाउन नको, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धा संसार डिस्कवर ठेवून झोपतं आणि सकाळी तोच परत उचलतं. पटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करून अप टाइम बघा. रोज संध्याकाळी इमानदारीत बंद करणाऱ्यांच्या मशीनवर मी तिथे २३ दिवस बघितलेत.

मग एक रात्र मशीन चालू ठेवा, चार्जर लावून, स्लीप बंद करून. आउटलुक नवीन टाकलं असेल आणि मेल बरेच वर्षांचे असतील तर विंडोज ते सगळे सर्चसाठी वाचून काढतं, वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, डेस्कटॉपवरचा सगळा पसारा वर चढवायला घेतं, ऑफिसचं स्वतःचं अपडेट मागे चालू असतं. पहिल्या दिवशी स्लो असणं हा रोगच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच असेल तर पुढे वाचा.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसेसमध्ये जा, डिस्क या कॉलमच्या डोक्यावर क्लिक करा, जास्त खाणारा वर येतो. तसंच मेमरी. स्टार्टअपमध्ये जाऊन नको ते डिसेबल करा, अँटिव्हायरस सोडून. अँटिव्हायरस दोन-दोन असतील तर एक काढा, कोणता ते तुम्ही ठरवा पण एक काढा. जुनं ऑफिस अजून अ‍ॅप्सच्या यादीत दिसतंय का बघा, असेल तर अनइन्स्टॉल. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर आधी तो मोकळा करा. इथपर्यंत काही अवघड नाही.

आता मुख्य भाग. सगळं मशीन स्लो आहे की फक्त एक्सेल-वर्ड उघडायला वेळ लागतो, हे आधी ठरवा. नोटपॅड उघडा, ब्राउझर उघडा, दोन फोल्डर उघडा. ते पटापट उघडत असतील आणि एक्सेल तेवढं पांढरी खिडकी दाखवून ध्यान लावून बसत असेल, तर रॅम घ्यायला पळू नका. मी पळालो होतो.

झालं असं, आमच्या ऑफिसात नवीन ऑफिस टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तीन मशीनवर एक्सेल उघडायला अर्धा-पाऊण मिनिट. फाइल उघडली तरी प्रिंट प्रिव्ह्यूला गेलं की परत तेच. महिन्याची ११ तारीख तोंडावर, जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचे जीएसटी रिटर्न, भरायचे, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मी आधी सेफ मोड करून बघितला, म्हणजे बाहेरून जोडलेलं काही न घेता नुसतं एक्सेल उघडायचं. त्यासाठी कंट्रोल दाबून धरायचं आणि एक्सेलच्या आयकॉनवर डबल क्लिक करायचं, सेफ मोडमध्ये उघडू का असं विचारतं, हो म्हणायचं. तिथेही तेवढंच स्लो. मग मी अक्कल चालवली की इन्स्टॉलेशनच खराब असणार, सगळं काढलं, परत टाकलं, एकदा नाही दोनदा. मग एका मशीनला ८ जीबीची रॅम आणून टाकली, साहेबांना पटवून, बिलासकट. फरक शून्य.

गंमत म्हणजे उत्तर रोज समोर होतं. सकाळी दहाला ऑफिस उघडायचं, साहेब यायचे अकरा-सव्वा अकराला, आणि त्यानंतर एक्सेल व्यवस्थित चालायचं. आमच्या मॅडम हसून म्हणायच्या, "साहेब आले की याला पण धाक बसतो बघा." मी पण हसायचो. आठवडाभर हसलो. मग एका सकाळी वैतागून लॅनची, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कची, वायर उपटली आणि एक्सेल उघडलं, तर क्षणात समोर. वायर लावली, परत रडगाणं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रिंटर साहेबांच्या केबिनमधल्या पीसीला यूएसबीने जोडलेला, तिथून सगळ्यांना शेअर केलेला, आणि ऑफिस टाकायला आलेल्या मुलाने टेस्ट प्रिंट काढताना तिन्ही मशीनवर तोच डीफॉल्ट, म्हणजे न सांगता आपोआप निवडला जाणारा, करून ठेवलेला. आधी प्रत्येकाचा डीफॉल्ट वेगळा होता, म्हणून कधी जाणवलं नव्हतं.

एक्सेल आणि वर्ड पान कुठे तुटेल, समासात किती मावेल याचा हिशोब डीफॉल्ट प्रिंटरला विचारून करतात. प्रिंटर ज्या पीसीवर आहे तो बंद, म्हणजे उत्तर देणारं कोणी नाही, आणि हे बिचारे वाट बघत बसतात. साहेब पीसी चालू करायचे, प्रिंटर जागा व्हायचा, एक्सेल सुटायचं. सेफ मोडचा इथे काही उपयोग नाही कारण डीफॉल्ट प्रिंटर तिथेही तोच असतो, आणि मला नेमकं त्यानेच चकवलं.

तर तुम्ही हे करा. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात प्रिंटर्स अँड स्कॅनर्स. खाली लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर असं एक बटण असतं ते आधी बंद करा, नाहीतर तुम्ही शेवटची प्रिंट ज्यावर काढाल त्यालाच ते परत डीफॉल्ट करतं आणि तुमची मेहनत पाण्यात. मग यादीतला मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ उघडून त्याला डीफॉल्ट करा. हा मशीनच्या आतच असतो, त्यामुळे कोणाची वाट बघावी लागत नाही. भंगारात गेलेले, जुन्या जागेतले प्रिंटर यादीत असतील ते रिमूव्ह करा. यानंतर प्रिंट देताना दर वेळी खरा प्रिंटर निवडावा लागतो, लोक दोन दिवस कुरकुर करतात, करू द्या. मात्र एक सावधगिरी घ्या: डीफॉल्ट प्रिंटर बदलला की जुन्या शीटमधले पेज ब्रेक सरकू शकतात, तेव्हा एका पानावर बसवलेली बिलं, पगारपत्रकं असतील तर प्रिव्ह्यू बघितल्याशिवाय छापू नका. आमच्याकडे एक पगारपत्रक सह्यांचा रकाना दुसऱ्या पानावर टाकून बाहेर आलं होतं.

आणि सेफ मोडमध्ये फास्ट, एरवी स्लो, असं असेल तर दोष जवळपास नक्की अ‍ॅड-इनचा, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने एक्सेलला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, तिथे खाली मॅनेजच्या पुढे कॉम अ‍ॅड-इन्स निवडून गो दाबा. सगळ्या टिका काढा, एक्सेल बंद करून परत उघडा, फास्ट झालं ना? आता एक-एक टिक लावायची आणि प्रत्येक वेळी बंद करून उघडायचं. कंटाळवाणं आहे, पण दोन-दोन एकदम लावायचा शहाणपणा करू नका, मग कोण चोर ते कळत नाही आणि परत पहिल्यापासून. पीडीएफ बनवणाऱ्यांचे, अकाउंटिंग सॉफ्टवेअरचे आणि सेंड टू ब्लूटूथ नावाचं एक, हे आधी तपासा. शेवटचं ते कोणी कधी वापरलेलं मी तरी बघितलेलं नाही.

एकच फाइल स्लो असेल तर ऑफिसला शिव्या घालू नका, त्या फाइलमध्ये कंट्रोल एंड दाबा. डेटा दोनशे ओळींचा आणि कर्सर जाऊन बसला १०,४८,५७६ व्या ओळीवर, म्हणजे एक्सेलच्या शेवटच्या ओळीवर, तर खालच्या सगळ्या रिकाम्या ओळी सिलेक्ट करून राइट क्लिकने डिलीट करा आणि सेव्ह करा.

रिपेअरचा पर्याय यानंतर. अ‍ॅप्सच्या यादीत ऑफिसवर मॉडिफाय, आधी क्विक रिपेअर. ऑनलाइन रिपेअर सगळं परत डाउनलोड करतो, जीबीच्या जीबी, तेव्हा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तो प्रयोग नको.

हे सगळं करूनही डिस्क शंभर टक्क्यांवरच असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करून एचडीडी (जुनी, फिरणारी हार्ड डिस्क) लिहिलंय की एसएसडी (चिपवाली, फास्ट) ते बघा. एचडीडी असेल तर बाकी काही न करता एसएसडी टाका, रॅमच्याही आधी. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी रॅम पुरते, पण त्यावर एक्सेल, अकाउंटिंग आणि ब्राउझर तिन्ही एकदम उघडून बघा म्हणजे कळेल, ८ तरी हवीच. एसएसडीवर कॉपी करायला मशीन दुकानात द्यायच्या आधी अकाउंटिंगच्या डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. आमच्या साहेबांनी पीसी आता सकाळी शिपायाला चालू करायला सांगितलाय, मी प्रिंटर बदलला हे सांगूनसुद्धा.