कॅनडातील चाइल्ड बेनिफिट: आपल्या कुटुंबाला किती मिळायला हवे, ते स्वतः कसे काढावे

कॅनडात मुलांसाठीचे चाइल्ड बेनिफिट दर महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास बँकेत जमा होते, त्यावर कर लागत नाही आणि ते आईवडिलांच्या उत्पन्नावर ठरते, एवढे इथल्या बहुतेक मराठी कुटुंबांना ठाऊक असते. ते किती मिळायला हवे हे मात्र थोडेच जण ताडून पाहतात. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडून, म्हणजे सीआरएकडून, जुलैत जो आकडा येतो तो बरोबर मानून मोकळे होतात. वास्तविक हा हिशेब शाळेतल्या टक्केवारीपेक्षा अवघड नाही. चुकते ते गणित नव्हे, तर गणितात घातलेला उत्पन्नाचा आकडा. म्हणून आधी तो नीट शोधावा.

हा आकडा म्हणजे पती-पत्नींच्या कर विवरणपत्रांतील ओळ २३६०० वरील निव्वळ उत्पन्नांची बेरीज होय. ओळ १५००० वर एकूण उत्पन्न असते आणि ओळ २६००० वर करपात्र उत्पन्न असते. घाईत यांपैकी एखादा आकडा उचलला की उत्तर हमखास चुकते. कोणाचे उत्पन्न धरायचे, याविषयीही गैरसमज आहेत. सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडील व आजी-आजोबांना दीर्घ मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या आजी-आजोबांचे निवृत्तिवेतन यात येत नाही आणि त्याच घरात राहणाऱ्या दिराचा पगारही येत नाही. हिशेब फक्त नवरा-बायकोचा असतो. त्यामुळे एकाची कमाई शून्य असली तरी विवरणपत्र दोघांनीही भरावे लागते, आणि एकाचे राहिले की जुलैपासून हप्ता थांबतो.

आपल्या लोकांकडून सर्वाधिक विसरले जाते ते भारतातील उत्पन्न. कॅनडाचा रहिवासी झालेल्या माणसाला जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. पुण्यातील सदनिकेचे भाडे, मुदत ठेवींवरील व्याज, हे सर्व त्यात आले. एनआरई ठेवीवरील (अनिवासी भारतीयांच्या भारतातील रुपया खात्यातील ठेवीवरील) व्याज भारतात करमुक्त असते, म्हणून ते इथेही मोजायचे नाही अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. पहिल्या वर्षी आम्हीही हेच व्याज दाखवायचे विसरलो होतो. पुढे विवरणपत्र दुरुस्त केल्यावर जादा मिळालेली रक्कम पुढच्या हप्त्यांतून वळती झाली, आणि ते महिने ओढाताणीचे गेले. रुपयांचे डॉलर करताना बँक ऑफ कॅनडाचा त्या वर्षाचा सरासरी दर घ्यावा. २०२४ साठी तो डॉलरला साधारण ६१ रुपये पडतो.

लाभाचे वर्ष जुलै ते जून असे चालते आणि त्याला आधार असतो तो मागील कॅलेंडर वर्षाच्या उत्पन्नाचा. जुलै २०२५ ते जून २०२६ या काळातील हप्ते २०२४ च्या उत्पन्नावर ठरले. म्हणजे २०२५ च्या शरदात नोकरी गेली, तरी वाढीव हप्ता जुलै २०२६ पर्यंत मिळत नाही. ज्याला आज गरज आहे त्याला उद्याचे आश्वासन देणारी ही पद्धत मला बरी वाटत नाही, पण नियम तसा आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. जुलै २०२५ ते जून २०२६ या लाभवर्षासाठी सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे कमाल ७,९९७ डॉलर आणि ६ ते १७ वयाच्या मुलामागे ६,७४८ डॉलर ठरले होते; पुढील सर्व हिशेब याच वर्षाच्या आकड्यांवर आहे. कौटुंबिक उत्पन्न ३७,४८७ डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम मिळते. त्यापुढे ८१,२२२ डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर एक मूल असल्यास ७ टक्के आणि दोन असल्यास १३.५ टक्के कपात होते. ८१,२२२ च्या वरच्या भागावर हे दर अनुक्रमे ३.२ आणि ५.७ टक्के होतात. तीन किंवा अधिक मुलांसाठी दर वेगळे आहेत. डॉलरमधील सर्व आकडे दर जुलैत महागाईनुसार बदलतात.

समजा, ऑन्टारियो प्रांतातील मिसिसागा शहरात एका घरात चार आणि आठ वर्षांची दोन मुले आहेत. ओळ २३६०० वर वडिलांचे ६८,००० आणि आईचे २२,००० डॉलर आहेत, बेरीज ९०,०००. कमाल रक्कम ७,९९७ अधिक ६,७४८, म्हणजे १४,७४५. दोन उंबरठ्यांमधील ४३,७३५ डॉलरवर १३.५ टक्क्यांनी ५,९०४ कापले जातात आणि वरच्या ८,७७८ डॉलरवर ५.७ टक्क्यांनी आणखी ५०० जातात. उरतात ८,३४१ डॉलर, म्हणजे महिन्याला ६९५. याच घराला तीन लाख रुपये ठेवव्याज असेल, तर उत्पन्न सुमारे ४,९०० डॉलरने वाढते आणि वार्षिक लाभ २८० डॉलरच्या आसपास घटतो.

हाच नियम उलट दिशेनेही चालतो आणि तिथे कुटुंबाच्या हातात काही उरते. आरआरएसपीमध्ये, म्हणजे निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या बचत योजनेत, भरलेली आणि वजावट म्हणून दाखवलेली रक्कम ओळ २३६०० च्या आधीच वजा होते. पाळणाघराचा खर्चही तसाच वजा होतो, मात्र तो साधारणतः कमी उत्पन्न असलेल्या जोडीदाराने दाखवायचा असतो. वरील कुटुंबाने आरआरएसपीत ५,००० डॉलर भरले असते, तर करबचतीखेरीज २८५ डॉलरचा लाभ वाढला असता. उत्पन्न ३७,४८७ च्या बरेच वर पण ८१,२२२ च्या आत असणाऱ्या दोन मुलांच्या घराला हाच फायदा ६७५ डॉलरचा होतो, म्हणून मध्यम उत्पन्नाच्या घरांनी याचा विचार आधी करावा. टीएफएसएमध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, टाकलेल्या पैशांनी मात्र या आकड्यात काहीही फरक पडत नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडे वेगळे सांगावे लागते. आईवडिलांपैकी एकाकडे तरी कायम रहिवासाचा दर्जा असेल, तर अठरा महिने थांबावे लागत नाही. दोघेही वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर असतील, तर एकाचे सलग १८ महिने कॅनडात वास्तव्य झालेले असावे आणि एकोणिसाव्या महिन्यात परवाना वैध असावा. अर्ज आरसी६६ या नमुन्यावर, सोबतच्या परिशिष्टासह करायचा असतो, आणि त्या परिशिष्टात येण्यापूर्वीचे भारतातील उत्पन्न डॉलरमध्ये लिहायचे असते. पुष्कळ जण ते लिहायला कचरतात. वास्तविक ते बहुधा त्यांच्याच पथ्यावर पडते. २०२३ मध्ये पुण्यात १८ लाख रुपये पगार असलेल्या माणसाचे उत्पन्न साधारण २९,५०० डॉलर भरते. पत्नीला वेगळी मिळकत नसेल, तर २०२४ च्या ऑक्टोबरात कायम रहिवासी म्हणून आलेल्या अशा कुटुंबाला तीन वर्षांच्या मुलासाठी जून २०२५ पर्यंतच्या लाभवर्षात त्या वर्षीच्या पूर्ण दराने, म्हणजे महिन्याला सुमारे ६४९ डॉलर, मिळू शकत होते. पती किंवा पत्नी अजून भारतातच असेल, तर त्यांचे उत्पन्नही वेगळ्या नमुन्यावर कळवावे लागते.

हप्ता अचानक कमी झाला, तर आधी मुलाचा वाढदिवस आठवावा. सहावा वाढदिवस झाला की पुढच्या महिन्यापासून लहान मुलाचा दर संपतो आणि पूर्ण लाभ घेणाऱ्या घराचे, २०२५-२६ च्या दरांनुसार, महिन्याला सुमारे १०४ डॉलर कमी होतात. ही चूक नव्हे. लग्न झाल्यास, किंवा जोडीदारापासून वेगळे होऊन ९० दिवस लोटल्यास, तो बदल पुढच्या महिन्याअखेरपर्यंत सीआरएला कळवावा, कारण त्यावर उत्पन्नाची बेरीजच बदलते. एवढे करूनही तुमचा आकडा आणि जुलैच्या पत्रातील आकडा जुळत नसेल, तर त्या पत्रात धरलेले कौटुंबिक उत्पन्न पाहावे आणि ते दोघांच्या ओळ २३६०० शी ताडून घ्यावे. प्रांताकडून मिळणारी रक्कमही अनेकदा याच हप्त्यात मिसळून येते. ऑन्टारियोत राहणाऱ्यांनी ती आधी बाजूला काढावी आणि मगच तुलना करावी.